गुण कशाचा? मुंबईचा प्लेग, हाफकिन यांची लस आणि उंढेरा गावची वाटणी

एप्रिल २०२१मध्ये मी पुण्यात रेमडेसिविरच्या रांगेत उभा होतो. धाकटा भाऊ ऑक्सिजनवर होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, औषध मिळवणे आमच्याकडे. सहा कुप्या जमवायला तीन दिवस लागले. त्याच दिवसांत, करोनातून बऱ्या झालेल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला मी प्लाझ्मासाठी फोन केले. भाऊ बरा होऊन घरी आला. त्याच्या शेजारच्या खाटेवर सांगलीकडचे एक गृहस्थ होते. त्यांनाही तेच इंजेक्शन, तेवढ्याच मात्रेत मिळाले होते. ते गेले. आमच्या घरात आजही सगळे म्हणतात, "इंजेक्शनाला गुण आला." त्या घरात काय म्हणत असतील, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

'गुण येणे' हा आपल्या बोलण्यातला फार जुना शब्दप्रयोग आहे. औषधाला गुण येतो, डॉक्टरला हातगुण असतो, अंगाऱ्यालाही गुण येतो. शंका घेणाऱ्यासाठीही आपल्याकडे म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण आलेला गुण कोणता आणि नुसता बसलेला कावळा कोणता, हे ओळखायचे कसे? त्यासाठी काही रीत लागते. ही रीत घडण्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या एका तुरुंगात आणि बडोद्याजवळच्या एका खेड्यात लिहिले गेले, हे मला त्या एप्रिलनंतर, जुने प्लेगचे अहवाल वाचू लागल्यावर कळले.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. तीस वर्षे एका सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात गेली. तेवढ्या कामाने एक सवय लावली. कोणी नुसती जमेची बाजू दाखवली की मी खर्चाचे पान मागतो. औषधांच्या बाबतीत हे दुसरे पान म्हणजे ज्यांनी औषध घेतले नाही त्यांचे पान. या लेखाचा विषय ते दुसरे पान आहे.

*

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. त्यांच्या निदानावर आधी शंका घेतली गेली आणि मग धावपळ सुरू झाली. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, घरे झडतीखाली आली, रुग्णांना जबरीने रुग्णालयात नेले जाऊ लागले. रुग्णालयात गेलेला परत येत नाही अशी लोकांची समजूत झाली. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लाखो माणसे शहर सोडून गेली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या, आणि त्याच जूनमध्ये रँडचा वध झाला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याच महिन्यांत मुंबईत आणखी एक काम चालले होते. त्याची आठवण आता परळच्या संस्थेच्या नावापुरती उरली आहे.

वाल्देमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. पटकीवरची लस त्यांनी १८९२मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि १८९३पासून ते हिंदुस्थानात ती लस टोचत फिरत होते. ऑक्टोबर १८९६मध्ये सरकारने त्यांना कलकत्त्याहून मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तिथे त्यांनी बकऱ्याच्या मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे, म्हणून बकरा. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या खाली जंतूंची वाढ पाण्यातल्या मुळ्यांसारखी लोंबू लागे. बाटली हलवून ती खाली पाडायची, पुन्हा वाढू द्यायची, आणि काही आठवड्यांनी उष्णतेने जंतू मारायचे. अशी ही लस होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. इतरांना पुढे देण्यात येणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट मात्रा त्यांनी घेतली. ताप आला, दुखले, बरे झाले.

यातून लस निदान मारत नाही, एवढे समजले. ती वाचवते का, हे एका माणसाच्या दंडावरून कळण्यासारखे नव्हते. हाफकिन यांना प्लेग झाला नाही, पण त्या महिन्यात मुंबईत लस न घेतलेल्या लाखो माणसांनाही तो झाला नव्हता.

*

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंगात सगळ्यांचे अन्न एक, झोपण्याची जागा एक, पाणी एक. शिवाय कोणी पळून जात नाही आणि कोणाचा आजार लपत नाही. हिशेब तपासणाऱ्याला यापेक्षा चांगली वही मिळणार नाही. ३० जानेवारीला कैद्यांना लस घेता का म्हणून विचारले. १५४ जण पुढे आले. पावणेदोनशेच्या आसपास कैदी न टोचलेले राहिले.

पुढच्या आठवडाभरातला हिशेब असा: न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेले कोणी नाही.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझे समाधान झाले होते. मग अहवालातला आणखी एक तपशील लक्षात आला. टोचणी झाली त्याच दिवशी टोचलेल्यांपैकी तिघांना प्लेग उघड झाला आणि ते तिघेही मेले. हाफकिन यांनी त्यांना पुढच्या हिशेबात धरले नाही. त्यांचे म्हणणे, या तिघांच्या अंगात रोग आधीच भिनला होता, लस काम करायला वेळच मिळाला नाही. म्हणणे पटण्यासारखे आहे. हाफकिन यांनी ते लपवलेही नाही, म्हणून तर आपल्याला ते माहीत आहे. पण ते तिघे परत हिशेबात घातले तर मृत्यू सहाविरुद्ध शून्य राहत नाहीत, सहाविरुद्ध तीन होतात. लागणही बाराविरुद्ध पाच होते. फरक उरतो, पण पहिल्याइतका डोळ्यांत भरत नाही. शिवाय न टोचलेल्यांतही त्या दिवशी कोणाच्या अंगात रोग भिनलेला होता, ते कोण सांगणार? एका बाजूचे तिघे वजा करायचे असतील तर दुसऱ्या बाजूचेही तसेच कोणी असतील ते वजा करावे लागतील. बँकेत आम्ही याला एकतर्फी नोंद म्हणत असू.

दुसरी अडचण याहून खोल आहे. १५४ जण स्वतःहून पुढे आले. पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस सारखे असतात का? कदाचित धडधाकट तेवढेच पुढे आले असतील. कदाचित ज्यांच्या बराकीत आधीच माणसे आजारी पडली होती ते भीतीने पुढे आले असतील. पहिले खरे असेल तर लसीला न कमावलेले श्रेय मिळेल, दुसरे खरे असेल तर तिचे श्रेय बुडेल. आकडे पाहून यातले काय खरे ते कळत नाही.

तुरुंगाबाहेर ही अडचण कितीतरी वाढत होती. मुंबईत आगाखानांनी स्वतः टोचून घेतले, प्रयोगशाळेला जागा दिली, आणि खोजा समाजातल्या सुमारे निम्म्या लोकांनी लस घेतली. त्यांच्यात प्लेग फार थोडा झाला. पण लस घेणारे खोजे आणि न घेणारे खोजे यांची घरे, पैसा, वस्ती, शहर सोडून जाण्याची ऐपत सारखी होती का?

*

हाफकिन यांना ही अडचण समजली होती. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये पटकीची लस टोचताना त्यांनी एकाच घरातल्या टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांची तुलना केली होती. तीच युक्ती त्यांनी फेब्रुवारी १८९८मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा या गावात जास्त नेटाने वापरली. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. प्लेग गावात शिरलेला. संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने गावकऱ्यांना कुटुंबवार उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचले. साथ ओसरल्यावर घरोघर जाऊन पडताळणी झाली.

प्लेग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या कुटुंबांत टोचलेली माणसे ७१ होती, त्यांतली ३ मेली. न टोचलेली ६४ होती, त्यांतली २६ मेली.

हे आकडे भायखळ्याच्या आकड्यांपेक्षा का वजनदार आहेत, ते नीट पाहण्यासारखे आहे. माणसे जास्त होती म्हणून नाही, त्या दृष्टीने दोन्ही हिशेब लहानच. वजन आले ते वाटणीमुळे. एकाच ओट्यावर बसणारी, एकाच ताटात जेवणारी माणसे दोन्ही बाजूंना आली. श्रीमंत घर दोन्हीकडे, गरीब घर दोन्हीकडे, गावकुसाजवळचे घर दोन्हीकडे.

आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कोणालाच माहीत नव्हती. प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते त्याच वर्षी, पण उंढेऱ्यानंतर काही महिन्यांनी. त्यावर विश्वास बसायला आणखी सात-आठ वर्षे गेली आणि तो बसवणारे प्रयोग परळच्या प्रयोगशाळेतच झाले. म्हणजे फेब्रुवारी १८९८मध्ये प्लेगचा खरा वाहक अधिकाऱ्यांच्या हिशेबात नव्हता. तरीही घर अर्धे-अर्धे वाटल्यामुळे त्या घरातले उंदीर आणि पिसवाही आपोआप दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या गेल्या. जे ठाऊक आहे ते सारखे करता येते, त्यात विशेष नाही. जे ठाऊकच नाही त्याचाही बंदोबस्त होतो, ही वाटणीची खरी ताकद. माझ्या समजुतीप्रमाणे पुरावा तोलण्याच्या साऱ्या शास्त्राचे मर्म एवढेच आहे.

उंढेऱ्याचा हिशेबही निर्दोष नव्हता. घरातल्या कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही, हे माणसेच ठरवत होती, आणि माणसाची नजर नकळत इकडेतिकडे वळते. याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. त्या २६ जणांना आपण हिशेबाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत आणि का, हे कोणी समजावून सांगितले होते का? लस सर्वांना टोचली असती तर त्यांतले बरेच वाचले असते, हे आज आपण म्हणू शकतो. पण ते म्हणता येते ते त्यांच्याच मृत्यूंमुळे.

*

नुसत्या एका बाजूच्या पानावर विसंबल्याने काय होते, याचे उदाहरणही त्याच मुंबईत घडले. प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९६मध्ये चीनमध्ये घोड्याच्या रक्तापासून केलेले सिरम दिले. दोन डझनांच्या आसपास रुग्णांपैकी दोनच मेले. जगभर आशा पल्लवित झाली. १८९७च्या मार्चमध्ये ते सिरम घेऊन मुंबईला आले, आणि इथे तो गुण आला नाही. मरणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. पुढे आर्थर रोडच्या रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी रुग्णांना एकाआड एक अशा क्रमाने सिरम देऊन पाहिले. एकाला सिरम, पुढच्याला नेहमीचे उपचार. तसे केल्यावर फायदा दिसला तो चीनच्या पहिल्या बातमीच्या मानाने फारच थोडा. बातमी खोटी नव्हती, तिला फक्त दुसरे पान नव्हते.

१८९८च्या अखेरीस सरकारने नेमलेला प्लेग कमिशन मुंबईत बसला. अध्यक्ष एडिंबरोचे औषधशास्त्राचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर. कमिशनने हाफकिन यांचे आकडे कठोरपणे तपासले. न टोचलेल्यांची संख्या कुठून काढली? गाव सोडून गेलेले वजा केले का? लपवलेले मृत्यू कोणाच्या खात्यावर? बऱ्याच ठिकाणचे आकडे नेमके नाहीत असे कमिशनने म्हटले. तरी अशा सगळ्या वजावटीनंतरही लस घेतलेल्यांत प्लेग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, संरक्षण मात्र पूर्ण नाही, हा निष्कर्ष त्याने मान्य केला. 'संपूर्ण गुण' आणि 'काहीच गुण नाही' यांच्या मधली ही जागा मला महत्त्वाची वाटते. बहुतेक औषधांची खरी जागा तिथेच असते.

तुलनेलाही मर्यादा असते, हे मात्र हाफकिन यांना फार महागात पडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्या एकालाही काही झाले नाही. दोष त्या बाटलीत होता, एवढे तुलनेने दाखवले. पण बाटली परळला दूषित झाली की मलकोवालला बूच काढताना, हे त्या आकड्यांत नव्हते. चौकशीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांची नोकरी गेली. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, या गोष्टीचे वजन मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांना त्यासाठी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहावे लागले. आकडा जेवढे सांगतो त्यापुढचे त्याच्या तोंडी घातले की निरपराध माणूस बळी जातो.

*

पुढची वाट थोडक्यात सांगतो. १९०४मध्ये लंडनचे कार्ल पिअरसन विषमज्वराच्या लसीचे लष्करातले आकडे तपासत होते. त्यांनाही भायखळ्याचीच अडचण दिसली. त्यांनी सुचवले, लस घ्यायला तयार असणाऱ्यांची यादी करा आणि त्यांतल्या दर दुसऱ्यालाच टोचा, म्हणजे दोन्ही बाजूंना पुढे येणारीच माणसे राहतील. १९१५मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उड्नी यूल यांनी लसींच्या आकड्यांवर एक निबंध लिहिला. हाफकिन यांचे पटकीचे आकडे त्यांच्यापुढे होते. दोन्ही गटांतली माणसे सारखी हवीत, रोगाशी त्यांची गाठ सारखीच पडायला हवी, या अटी त्यांनी स्पष्ट मांडल्या. आणि १९४८मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला औषध मिळणार हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरत होते. वाटणीतून माणसाची नजर निघून गेली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांत ४ मेले, न मिळालेल्या ५२ जणांत १४.

त्या चाचणीतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे होते, सगळ्यांना पुरणारच नव्हते. मग चिठ्ठ्या टाकणे हीच न्यायाची वाटणी ठरली, आणि त्यातून ज्ञानही मिळाले. २०२१मध्ये आपल्याकडेही औषध सगळ्यांना पुरत नव्हते. आपण ओळखी वापरल्या. मीही वापरल्या. त्या वाटणीतून न्याय झाला नाही आणि ज्ञानही मिळाले नाही.

वास्तविक ज्ञान तेव्हा हाताशी होते. प्लाझ्माची चाचणी आपल्याच देशात, ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झाली होती. तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांत ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले, न मिळालेल्या २२९ जणांत ४१. म्हणजे फरक नाही. मी फोन करत होतो ते त्यानंतर सहा महिन्यांनी. त्याच ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत रेमडेसिविरने मृत्यू फारसे कमी होत नाहीत असे दिसले होते. पुढे अंतिम आकड्यांत, व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत अल्पसा फायदा दिसला, व्हेंटिलेटरवरच्यांत नाही. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते, हे जून २०२०मध्येच ठरले होते. ते भावाला रोज मिळत होते. त्यासाठी मला कुठल्याही रांगेत उभे राहावे लागले नाही, म्हणून आमच्या घरात त्याचे नावही कोणाला माहीत नाही.

मग भावाला गुण कशाचा आला? प्रामाणिक उत्तर असे की, एकट्या भावाकडे पाहून ते कोणालाही सांगता येणार नाही. तो एक कुटुंब आहे, ज्याचे दुसरे पान नाही. त्याच्यासारख्या शेकडो जणांची वाटणी कोणीतरी आधी केलेली असेल, तरच त्याच्याबद्दल काही बोलता येते, आणि तेही शक्यतेच्या भाषेत. आई अजून म्हणते, "किती धावपळ करून तू ते इंजेक्शन आणलेस, म्हणून तो वाचला." मी तिला दुरुस्त करत नाही. पण पुढच्या साथीत मला रांगेऐवजी चिठ्ठीच्या पेटीपुढे उभे करून कोणी विचारले, तुमच्या माणसाला या वाटणीत घेऊ का, तर मी काय उत्तर देईन, हे मी ठरवून ठेवले आहे. ४६४ जणांनी ते उत्तर स्वतः दिले होते. उंढेऱ्याच्या ६४ जणांना कोणी विचारले होते की नाही, हे मात्र त्यांच्या नावापुढच्या आकड्यावरून कळत नाही.